शेऱ्याचा रकाना

डेअरीनं दिलेल्या टॅबवर मराठी नाही.
मी मनात मराठीत मोजते, तोंडानं गुजरातीत विचारते.
दांडियाबाजारात वाढलेल्या माणसाला एवढं जमतं.

पादऱ्याच्या पुढे, तुरीच्या शेतामागे
लखीबेन पढियारांचा गोठा, सकाळचे सव्वासात.
मंडळीत दूध घालून त्या नुकत्याच परतल्यात,
रिकामी बरणी पालथी, तिच्यावर एक मांजर.

जनावरं किती? तीन.
चारा? कडबा, शेढ्याचं गवत, असली तर पेंड.
शेण उकिरड्यावर की गॅसच्या टाकीत?
रवंथ दिवसातून किती वेळ?
इथे त्या हसल्या.
तुझ्या धण्याचं मोजलंस कधी?

म्हशीच्या ढेकरात एक वायू असतो, मी सांगितलं,
दिसत नाही, पण आभाळावर घोंगडीसारखा बसतो.
त्यांनी मान वर केली.
आभाळ रोजचंच होतं,
कारखान्यांच्या बाजूला थोडं पिवळट.

मी खोटं बोलत नव्हते.
विश्वामित्री आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आली होती,
पार्किंगमध्ये मगर,
पाटणकरांच्या स्कूटरवर हनुवटी टेकून.
त्या रात्रीपासून माझा आकड्यांवर विश्वास आहे.
‘सन दोन हजार तीसपर्यंत, लिटरमागे तीस टक्के कमी’
हे वाक्य ऑफिसच्या काचेवर आहे, खाली एक हिरवं पान.
त्या पानावर माझा विश्वास जरा कमी.

कारण, लिटरमागे.
म्हणजे भागाकार.
वर ढेकर, खाली दूध.
आणि खाली शून्य आलं की टॅब लाल होतो.

तिसरी म्हैस ढेली.
चौदा महिने भाकड.
एक शिंग गालाला टेकलेलं,
कानात आमच्याच डेअरीचा पिवळा बिल्ला, बारा आकडी.
रकाना भरला तसा सल्ला आपोआप उमटला:
अनुत्पादक जनावर कमी करणे.

कमी करणे.
जसं आमटीत मीठ कमी करतात,
किंवा शेजारी झोपलेत म्हणून टीव्हीचा आवाज.

शुं लख्युं? लखीबेननी विचारलं.
वय लिहिलं, मी म्हटलं.
हिच्या दुधावर हिनाचं नर्सिंग झालं, त्या म्हणाल्या,
सयाजी दवाखान्यात लागलीय, रात्रपाळीला.
मला सांगत नव्हत्या,
शेणाची पाटी भरता भरता नुसत्या बोलत होत्या,
आणि ढेली त्यांच्या पदराचं टोक चघळत होती.

मग चहा. दुसऱ्या म्हशीच्या दुधाचा,
इतका दाट की बशीत ओतला तरी जागचा हलेना.
पिऊन मला ढेकर आला, चांगला मोठा.
लख, लख, त्या म्हणाल्या.

शेऱ्याच्या रकान्यात अठराच खुणा बसतात,
काना-मात्रा, स्वल्पविराम, मोकळी जागा धरून.
मी गुजरातीत लिहिलं:
सात वेतर, दीकरी नर
तिथेच जागा संपली.
अर्धा र आणि स
पादऱ्याच्या धुळीत राहिले.

संध्याकाळी केतुलभाईंचा फोन.
बेन, त्या तिसऱ्या जनावराच्या शेऱ्यात ‘नर’ आलंय.
रेडा असेल तर गुणक वेगळा लागतो.

रेडा नाही, म्हटलं. म्हैसच आहे.
दूध?
नाही.
मग शेरा पुसून टाकू ना?

मी ओट्याशी उभी होते, उद्याच्या दह्याची पिशवी घेऊन.
कोपरा कापत होते, पुरता नाही,
लोंबता ठेवून.
पिशवीवर तसं छापलंय, सुटा तुकडा मातीत जातो म्हणून.
पलीकडून ते म्हणत होते, हॅलो,
बेन, हॅलो,
आणि पातेल्यात दूध पडायचा आवाज
बराच वेळ चालू होता.